चादरींच्या भिंती

९ जानेवारी. सकाळपासून चादरी धुते आहे. घरच्या नव्हेत, ऑफिसच्या. डबल बेडच्या, पांढऱ्या, वरच्या काठाला दोरी ओवता येईल अशी शिवण घातलेल्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात मार्करने लिहिलेलं: किचन, जिना, माजलिस. मार्कर निघत नाही, मी घासतही नाही. धूळ गेली की झालं. गच्चीवर घातल्या की रियाधच्या कोरड्या हवेत पुढचा घाणा होईपर्यंत मागचा कडक होतो.

मुलगी शाळेत जाताना गच्चीत डोकावली आणि म्हणाली, "मॉम, आर वी ओपनिंग अ हॉटेल?"

"नाही. घर बांधतोय," मी म्हटलं. तिने खांदे उडवले आणि गेली.

उद्या या चादरी घेऊन मला साइटवर जायचं आहे. एक तरुण जोडपं घर बांधतंय आणि बायकोने स्वतःहून चादरी मागितल्या आहेत. भीती वगैरे काही नाही. फक्त हे काम मी आजवर त्यांच्याशिवाय केलेलं नाही. तेव्हा मशीन फिरतंय तोवर त्यांच्याविषयी लिहून टाकते.

ते म्हणजे आमचे अमेरिकन आर्किटेक्ट. ऑफिसात सगळे त्यांना मुहंदिस म्हणत. इकडे इंजिनियर आणि आर्किटेक्ट दोघांनाही हाच शब्द. ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी मुलखातले. तिथे त्यांनी जन्मभर घरं बांधली, आणि फक्त घरं. बँक नाही, शाळा नाही, चर्चसुद्धा नाही. वर नियम असा, की सकाळी गाडीने निघून जेवणाच्या वेळेला पोचता येईल त्यापलीकडचं काम घ्यायचं नाही. मोठ्या शहरांतून बोलावणी आली ती त्यांनी परत पाठवली. कारण एकच, "तिथला वारा मला माहीत नाही."

असा माणूस साठी उलटल्यावर इतक्या लांब कसा आला, तर आमच्या कफिलामुळे. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे, इथे राहण्याचे परवाने, आहेत तो, ऑफिसचा सौदी मालक. तो तरुणपणी अमेरिकेत शिकत असताना यांनी बांधलेल्या एका मातीच्या विटांच्या घरात भाड्याने राहिला होता. पुढे रियाधला ऑफिस काढल्यावर त्याने यांना हुडकून काढलं. हे का आले, ते मी एकदा विचारलं.

"वाळवंट तेच आहे," ते म्हणाले. "आणि तिकडची माझी सगळी गिऱ्हाइकं आपापल्या घरात खूश आहेत. नवं कुणी बांधतच नाही."

विनोद केल्यासारखं तोंड नव्हतं.

साइटवर ते टाय लावून येत. उन्हाळ्यातही. सोबत एक घडीची खुर्ची. मोकळ्या प्लॉटवर खुर्ची टाकायची आणि बसायचं. थोड्या वेळाने उठून खुर्ची दुसरीकडे न्यायची, परत बसायचं. कागद नाही, टेप नाही. ऑफिसची पिकअप चालवणारे दाऊदभाई रत्नागिरीकडचे. पहिल्या दिवशी ते गाडीतून हे सगळं बघत होते.

"बाय, खुर्ची परत हलवलीन त्याने," ते मला म्हणाले. "सावली शोधतोय म्हणावं, तर बसलाय उन्हात."

"सावली कुठे पडेल ते बघतायत."

"भिंत नाय तर सावली खयची पडणार? तूच सांग."

ही हकिगत मी मुहंदिसांना सांगितली, तर त्यांना दाऊदभाई एकदम आवडले. त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातलं चीज सँडविच दाऊदभाईंसोबत पिकअपच्या पाठीमागे बसून खायचं आणि माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं दोघांनी वाटून घ्यायचं, असा रिवाज पडला. माझ्या लोणच्याच्या बरण्या त्या काळात फार लवकर संपत.

'व्हिला' हा शब्द ते उच्चारत नसत. रियाधच्या व्हिलांना पुढे मोठाले खांब असतात, खांबांवर पानं-फुलं. हे कुठेही गेले की आधी खांबापाशी जायचे आणि दार ठोठावल्यासारखं बोटाच्या सांध्याने त्यावर ठोकायचे. मग "पोकळ" म्हणायचे. एका गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या दिवाणखान्यात, यजमान समोर उभे असताना, त्यांनी खांब ठोकला आणि "पोकळ" म्हणाले. ते काम गेलं. गाडीत मी म्हटलं, निदान बाहेर येऊन तरी बोलायचं. तर म्हणाले, "मी त्यांना वाईट बोललो नाही. खांबाला बोललो."

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. माझे मिस्टर बँकेत आहेत, माणसांची आवड असलेले. त्यांनी बाहेर गप्पांची तयारी केली होती. पण पाहुणे येऊन उभे राहिले ते स्वयंपाकघराच्या दारात. मी चपात्या करत होते. बराच वेळ माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "तुम्ही फार चालता." आणि टायचं टोक शर्टात खोचून त्यांनी फ्रिज ढकलायला घेतला.

"हे जेवायला आलेत की सर्व्हेला?" मिस्टरांनी मला मराठीत विचारलं.

"धरा दुसऱ्या बाजूने," मी म्हटलं.

फ्रिज अजून तिथेच आहे. माझी टाच दुखायची ती त्यानंतर थांबली, एवढं मी सांगू शकते. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा भाड्याचा फ्लॅट इतका वाईट होता की बाथरूमचं दार उघडलं की कमोडवर आपटायचं. त्याचं त्यांना काही नव्हतं. "तिथे मी राहत नाही, झोपतो," म्हणायचे.

मी त्या ऑफिसात ड्राफ्टिंग करायचे. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा, मग पुण्यात नोकरी, मग लग्न आणि रियाध. मुहंदिसांनी मला टेबलावरून उठवलं ते त्यांच्या अडचणीमुळे. त्यांची पद्धत अशी, की घरात जी बाई दिवसभर वावरते तिच्याशी बोलल्याशिवाय रेघ मारायची नाही. आणि इथल्या जुन्या वळणाच्या घरांत परपुरुषाला बायकांच्या बाजूला जाता येत नाही. पुरुषांच्या माजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, त्याला खजूर-कॉफी मिळणार आणि घरचे पुरुष सांगणार: इथे लिफ्ट, इथे झुंबर. मग आत जायची मी. त्यांचे प्रश्न घेऊन.

प्रश्न असे: सकाळी पहिला आवाज कुणाचा होतो? ओले कपडे घेऊन कुठून कुठे जावं लागतं? भांडण झालं की तुम्ही कुठे जाऊन बसता?

"हे मी परक्या बाईला विचारू?" मी म्हटलं होतं.

"खोल्या किती हव्यात ते त्यांचे नवरे सांगतील," ते म्हणाले. "मला भांडण कुठे होतं ते पाहिजे."

आता उम्म सादचं घर. हे एक घर सांगितलं की हा माणूस सांगून झाला.

तिघा भावांना मिळून उत्तर रियाधमध्ये मोठं घर बांधायचं होतं. थोरला साद, म्हणून आईला सगळे उम्म साद म्हणत. आई जुन्या वस्तीतल्या चौकाच्या घरात राहायची आणि तिथून हलायला तयार नव्हती. भावांनी आधी दुसऱ्या एका ऑफिसकडून नकाशे करून घेतले होते. आईला तळमजल्यावर शेवटची, शांत, मोठी खोली, संगमरवरी बाथरूम. आईचं उत्तर एकच: "तुम्ही जा. मी इथे बरी आहे." आणि आई नाही तर कुणीच नाही, हेही ठरलेलं. तिच्यासाठीच तर एकत्र राहायचं होतं.

ते काम आमच्याकडे आलं तेव्हा आमची स्थिती बेताची होती. खांब ठोकण्यापायी गिऱ्हाइकं गेली होती. मुहंदिसांचा इकामा संपत आला होता. कफिलाने मला बोलावून सांगितलं, कारण त्यांना सांगायला तो कचरत होता: "हे घर उभं राहिलं तर ठीक. नाहीतर खलास. घरांचा विभाग बंद, मुहंदिस परत." माझं टेबल त्याच विभागात होतं, ते त्याने बोलून दाखवलं नाही.

मी उम्म सादला भेटायला गेले. माझं अरबी दुकानापुरतं, म्हणून इंग्रजी शिकवणारी धाकटी सून मध्ये बसली. म्हातारी ताठ, बारीक, डोळे तरतरीत. कॉफी दिली, खजूर दिले, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "पोरं करतील ते चांगलंच करतील." भांडणाचा प्रश्न मी शेवटी ठेवला होता. तेव्हा मात्र हसली.

"दारात बसते," सुनेने भाषांतर केलं. "म्हणजे मी निघालेच आहे असं त्यांना वाटतं."

मी आमचा नवा नकाशा पसरला. तिने सभ्यपणे पाहिला आणि त्यावर कॉफीची कपबशी ठेवली.

ऑफिसात येऊन मी म्हटलं, "त्यांना नकाशा कळत नाही."

"कुणालाच कळत नाही," मुहंदिस म्हणाले. "बाकीचे कळल्याचं सोंग करतात. त्या करत नाहीत." मग खिडकीतून बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. "तुम्हाला शिवता येतं?"

तर असं ते झालं. दाऊदभाई आणि मी बथ्थाच्या बाजारातून चादरी आणल्या. घाऊक घेतोय म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, उमऱ्याच्या यात्रेकरूंचा ग्रुप उतरवताय का. काठ मी घरच्या मशीनवर शिवले. लोखंडी पाइप रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून उभे केले, त्यांना दोऱ्या, दोऱ्यांना चादरी. प्लॉटवर आख्खं घर उभं राहिलं, खऱ्या मापाचं, प्रत्येक खोली जिथल्या तिथे. वारा आला की घर श्वास घेतल्यासारखं हलायचं.

कफील बघायला आला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. "साद मला विचारेल, हे धोब्याचं दुकान आहे का. मी काय सांगू?"

"सांगा की आईला विचारा," मुहंदिस म्हणाले.

मंडळी आली ती फेब्रुवारीतल्या एका थंड सकाळी. तिघे भाऊ रस्त्याच्या कडेला टाकलेल्या तंबूत कफिलाबरोबर बसले. प्लॉटच्या कुंपणाच्या भिंतीआत फक्त बायका आणि मी. आणि मुहंदिस कुंपणाच्या बाहेर, खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडलेली, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. ठरलं असं, की आत काय होतंय ते मी भिंतीवरून ओरडून सांगायचं आणि त्यांनी तिकडे काढायचं.

उम्म साद मुख्य दारातून आत आली. माजलिस बघितली: सगळ्यात पुढे, सगळ्यात मोठी. चालत राहिली. किचन बरंच मागे. मग तिची खोली, आमच्या नकाशातसुद्धा शेवटचीच, कारण शांतता हवी असं मुलांनी बजावलं होतं. त्या चौकोनात ती उभी राहिली. चारी बाजूंना पांढरं कापड.

"इथे मला कोण बघणार?" ती म्हणाली. आणि वळून चालायला लागली, दाराकडे.

मला वाटलं, संपलं. कुंपणापलीकडून आवाज आला, "काय म्हणाल्या?"

"निघाल्या," मी ओरडले.

पण ती गेली नाही. दाराच्या आत आल्यावर डावीकडे, जिथे माजलिसची भिंत सुरू होत होती, तिथे ती वाळूत खाली बसली. पाय पसरले. रस्त्याकडे बघितलं, आत सुनांकडे बघितलं. मग हात लांब करून समोरच्या चादरीचं टोक धरलं आणि सुनेला काहीतरी म्हणाली.

"हे इथून काढा म्हणतायत," सून चाचरत म्हणाली.

"माजलिसची भिंत?" मी विचारलं.

तोवर म्हातारी उठली होती. पाइपाला बांधलेल्या दोरीची गाठ तिने स्वतःच सोडली. दुसऱ्या सुनेला हाक मारली, दोघींनी पाइप डब्यासकट ओढला. मी टेप घेऊन मागे धावले आणि ओरडले, "माजलिसची भिंत मागे सरकतेय. थांबा, माप घेते."

"कोण सरकवतंय?"

"त्या स्वतः."

पलीकडून आवाज आला, "मापं राहू द्या. त्यांना थांबवू नका. फक्त काय कुठे जातंय ते सांगत राहा."

पुढचं मला नीट क्रमाने सांगता येणार नाही. किचन पुढे आलं, कॉफीचा वास दारापर्यंत यायला हवा म्हणून. जिना फिरला. तिची बैठक दारालगत झाली, रस्त्याकडे एक जाळीची खिडकी ठेवून: तिला सगळे दिसावेत, ती कुणाला दिसू नये, आणि तिच्यासमोरून गेल्याशिवाय कुणाला घरात शिरता येऊ नये. तिन्ही सुना अबायाचे घोळ हातात धरून पाइप ओढत होत्या आणि हसत होत्या. घराची पुढची मोक्याची जागा गेली, माजलिस बाजूला ढकलली गेली, अर्ध्या आकाराची झाली.

इतका आरडाओरडा ऐकून साद कुंपणाच्या फाटकापाशी आला. फाटकात आड टांगलेल्या चादरीपलीकडून त्याने विचारलं, "यम्मा, माजलिस कुठे गेली? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे कधीतरी येतात," उम्म साद म्हणाली. "मी रोज आहे."

त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, माजलिसची सुटलेली चादर उडाली, कुंपण ओलांडून गेली आणि मुहंदिसांच्या डोक्यावरून खाली पडली. ते उठले नाहीत. चादरीच्या आत त्यांचा हात चालूच होता. दाऊदभाई पिकअपमधून ओरडले, "बाय, पाहुण्यांची खोली गोऱ्याच्या डोक्यावर पडली."

मी सुनेला सांगितलं, सुनेने सासूला. म्हातारी इतकी हसली की तिला पाइप धरावा लागला. आणि फाटकाच्या चादरीपलीकडून साद हसल्याचाही आवाज आला. ते ऐकल्यावर मी टेप गुंडाळला. काम मिळालं होतं.

घर तसंच्या तसं बांधलं. पुढे एकही खांब नाही. उम्म साद जुन्या घरातून निघाली ती स्वतःच्या पायांनी, पहिल्या फेरीच्या सामानाबरोबर, सुनांच्या आधी. नंतर तिने मुहंदिसांना कॉफीला बोलावलं. ते त्या छोट्या माजलिसमध्ये टाय सारखा करत बसले होते. तिची बैठक आणि माजलिस यांच्यामधल्या जाळीमागून तिचा आवाज आला. मी सुनेकडून ऐकून इंग्रजीत सांगितलं: "त्या म्हणतात, आता भांडण झालं तरी उठून कुठे जावं लागत नाही."

मुहंदिस उभे राहिले आणि जाळीकडे बघून मान लववली. त्या दोघांनी एकमेकांना कधीही पाहिलेलं नाही. "माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक," ते पुढे नेहमी म्हणायचे.

आणि मग काय. उम्म सादच्या बहिणी घर बघून गेल्या, बहिणींच्या शेजारणी बघून गेल्या. ऑफिसात पुरुष यायचे, कॉफी घ्यायचे, जरा अवघडून सांगायचे, "घरातून निरोप आहे. चादरी पाहिजेत." कफिलाने इकामा वाढवला, नवी जागा घेतली, आणि धोब्याचं दुकान ही स्वतःचीच उपमा तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगू लागला. रियाधमध्ये आमची खांब नसलेली घरं आता बरीच आहेत. रस्त्याने जाताना मला ती ओळखू येतात.

एक गोष्ट मला कळली नव्हती. पुढे पुढे अशी कुटुंबं येऊ लागली ज्यांच्या बायका समोरासमोर बोलायच्या, हात पुढे करायच्या. तरी चादरींच्या दिवशी मुहंदिस बाहेरच बसायचे, भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाईक आत बोलावायचं, हे जायचे नाहीत. मी ते त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

गेल्या वर्षी ते परत गेले. कुणी पाठवलं नाही, खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं. मुलीच्या घरी राहतात. घर त्यांनी बांधलेलं नाही, बाथरूमच्या दाराविषयी फोनवर तक्रार करतात. जाताना खुर्ची माझ्याकडे ठेवून गेले. कफील म्हणत होता, आता थ्री-डी चष्मे आलेत, चादरी कशाला. आणि बिनडिग्रीच्या बाईचं गिऱ्हाईक ऐकेल का, हेही त्याच्या मनात असणार. मी म्हटलं, एकदा करून बघू. शेवटचा घाणा वाळला. घड्या घालून गाडीत ठेवते.

१० जानेवारी. पहाटेच गाडी काढली. दाऊदभाई पिकअप घेऊन आधीच पोचले होते. घर उभं केलं. जोडपं आलं, नवरा शांत, बायको चुणचुणीत, दोघंही इंग्रजी बोलणारी. कुणाकडे पाठ फिरवायचं मला काहीच कारण नव्हतं. मी खुर्ची आत, मधोमध मांडली.

तिने किचनच्या चादरीला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हलवा की." तिने वीतभर हलवली, परत माझ्याकडे बघितलं. "ओके?" जिन्यापाशी गेली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की पुढे, नाही हलवली की थांबायची. बराच वेळ असं चाललं. घर होतं तिथेच होतं.

मी उठले, खुर्चीची घडी केली आणि कुंपणाच्या बाहेर जाऊन ती भिंतीकडे तोंड करून मांडली.

"काय बाय, तूपण?" दाऊदभाई म्हणाले.

मी बोर्ड मांडीवर घेतला. थोड्या वेळाने आत वाळूवरून डबा ओढल्याचा आवाज आला, आणि तिचा, नवऱ्याला ओरडून सांगितलेला: "ती बाजू धर, ही भिंत मला इथे नकोय."

मी पेन्सिल टेकवली.